पूर्ती नेमकी कोठे? ‘कॉन्समेशन’ या शब्दाचा एक महाराष्ट्रीय इतिहास

‘कॉन्समेशन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द सापडत नाही. याचा दोष कोशकारांच्या माथी मारण्याचे कारण नाही. पूर्णत्वाच्या शब्दांची मराठीत वाण नाहीच. व्रताचे उद्यापन होते, यज्ञाची पूर्णाहुती होते, पारायणाची सांगता होते, पोथीची इतिश्री होते. लेखक सिद्धहस्त होतो, पंडित पारंगत किंवा निष्णात होतो. ‘सांगता’ म्हणजे सर्व अंगांसह असणे, ‘पारंगत’ म्हणजे पैलतीरी पोचलेला, ‘निष्णात’ म्हणजे त्या विद्येत न्हालेला. प्रत्येक शब्दाचे क्षेत्र वेगळे आहे, आणि पूर्णतेविषयीची प्रत्येकाची कल्पनाही वेगळी आहे. इंग्रजी शब्द मात्र तीन गोष्टी एका छपराखाली आणतो : एखादे कार्य संपणे, त्याने आपले शिखर गाठणे आणि विवाहानंतरचा पहिला शरीरसंबंध. यांतला तिसरा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला. त्याच्यासमोर मराठी आणि संस्कृत शब्दांचा जो संच उभा ठाकला त्याची रचना अगदी वेगळ्या तत्त्वावर झालेली होती. या दोन अर्थव्यवस्थांच्या टकरीत कोणाचे काय हरवले, हा भाषेच्या इतिहासाचा प्रश्न आहे तितकाच तो स्त्रीच्या इतिहासाचाही आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज, एकूण. शब्दशः ‘सर्वांत वरची’. रोमन लोक आकडे खालून वर मिळवीत जात आणि एकूण सर्वांत वर मांडीत, असा त्याचा खुलासा केला जातो. ‘कॉन्सुम्मारे’ म्हणजे ती बेरीज पुरी करणे. शेवट आणि शिखर हे दोन अर्थ अशा रीतीने मुळातच एकजीव झालेले आहेत. या शब्दाच्या शेजारी ध्वनीने जवळचे पण व्युत्पत्तीने परके असे ‘कॉन्सुमेरे’ हे दुसरे क्रियापद होते. त्याचा अर्थ खाऊन टाकणे, वापरून संपवणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये दोहोंची सरमिसळ झाली आणि फ्रेंचमध्ये तर ‘कॉन्सोमे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करू लागले. पूर्ण होणे आणि खर्च होऊन संपणे यांतली सीमारेषा तेथे पुसट झाली. क्रुसावरच्या अखेरच्या उद्गारासाठी जेरोमच्या लॅटिन बायबलाने ‘कॉन्सुम्मारे’चेच रूप योजले, इंग्रजी अनुवादकांनी तेथे संपण्याचे साधे क्रियापद घेतले, तर मराठी बायबलात ‘पूर्ण’ हा शब्द आला. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात हा शब्द मृत्यूसाठी येतो, आणि तोही इच्छिलेल्या मृत्यूसाठी. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे हॅम्लेटचे रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर वर्षभरातच तोच इंग्रजी शब्द एका मराठी मुलीच्या बाबतीत न्यायालयात उच्चारला जाणार होता.

विवाहाच्या संदर्भात हा शब्द स्थिरावला तो ख्रिस्ती धर्मसंघाच्या कायद्यात. विवाह कशाने होतो, यावर बाराव्या शतकात मोठा वाद झाला. ग्रेशियनच्या मते संमतीने विवाहाला आरंभ होतो आणि शरीरसंबंधाने तो पुरा होतो. पीटर लोम्बार्डच्या मते वर्तमानकाळात उच्चारलेल्या संमतीनेच विवाह सिद्ध होतो. पोप तिसरा अलेक्झांडर याने यातून मध्यममार्ग काढला : संमती विवाह घडवते, शरीरसंबंध त्याला अभेद्य करतो. या तडजोडीत दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, विवाहाची सुरुवात आणि पूर्ती यांच्यामध्ये काळाचे अंतर असू शकते. दुसरी अधिक महत्त्वाची : त्या अंतराच्या अलीकडच्या टोकाला वधूची स्वतःची संमती उभी आहे. पूर्तीचा शब्द संमतीच्या शब्दाला बांधलेला आहे. एकाला उचलून दुसऱ्याला मागे ठेवले तर काय होते, याचे उत्तर मुंबईने दिले.

धर्मशास्त्रात पूर्ती अन्यत्र आहे. पाणिग्रहणाच्या मंत्रांची ‘निष्ठा’ सातव्या पदावर जाणावी, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. येथे ‘निष्ठा’ म्हणजे परिसमाप्ती. सातवे पाऊल पडले की विवाह झाला. पुढे काय घडले अथवा घडले नाही, याचा त्या पूर्णतेशी संबंध नाही. या शब्दाची आणखी एक वाट आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिकडे वळून पाहावे अशी ती आहे. पाणिनीने ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या भूतकालवाचक कृत्प्रत्ययांना ‘निष्ठा’ हीच संज्ञा दिली. क्रिया पुरी झाल्याची खूण म्हणजे निष्ठा. मराठीचा भूतकाळ आपल्या मुळाशी याच प्रत्ययांच्या रूपांवर उभा आहे. ऊढा, परिणीता, दत्ता, विवाहिता ही विवाहित स्त्रीची नामेही याच प्रत्ययाने सिद्ध झाली आहेत. ‘क्त’ सकर्मक धातूंपासून सामान्यतः कर्मणी होतो. परिणीता म्हणजे जिला नेले गेले ती. दत्ता म्हणजे जी दिली गेली ती. व्याकरणाने तिला पूर्ण झालेल्या क्रियेचे कर्म ठरवले आहे. क्रिया संपल्यावर कर्माला विचारण्यासारखे काही उरत नाही. पुढे मराठीत ‘निष्ठा’चा समाप्ती हा अर्थ लोपला आणि दृढ भक्ती हा अर्थ राहिला. जो शब्द विधीच्या पूर्णतेचा होता तो पत्नीच्या सद्गुणाचा झाला, हा अर्थसंकोच केवळ योगायोगाचा म्हणता येईल का, याचा विचार व्हायला हवा.

मग विवाहोत्तर पहिल्या समागमाला नाव नव्हते काय? होते; पण ते विवाहाच्या शेवटाचे नाव नव्हते. ‘गर्भाधान’ हा षोडश संस्कारांतला पहिला संस्कार. लोकव्यवहारात त्याला ‘ऋतुशांती’ किंवा ‘फलशोभन’ म्हणत. इंग्रजी शब्द एका साखळीचा शेवटचा दुवा दाखवतो, तर ‘गर्भाधान’ दुसऱ्या साखळीचा पहिला. एकाची नजर झालेल्या करारावर आहे, दुसऱ्याची होणाऱ्या संततीवर. हा संस्कार गर्भाचा की क्षेत्राचा, म्हणजे स्त्रीचा, याबद्दल निबंधकारांत मतभेद होते. क्षेत्राचा मानला तर तो एकदाच करावा, गर्भाचा मानला तर प्रत्येक वेळी, इतक्या बारकाव्याने त्यांनी विचार केला आहे. ‘क्षेत्र’ म्हणजे शेत. शेताची संमती हा प्रश्न या बारकाव्यात कोठेही बसत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या खटल्याचे मर्म हाती लागत नाही. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे दादाजींशी लग्न लागले. त्या वयात आल्या तेव्हा गर्भाधानाचा प्रश्न निघाला. तेव्हा व्यवसायाने वैद्य असलेल्या सावत्र वडिलांनी तो होऊ दिला नाही. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मागितला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दावा होता ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्ज्युगल राइट्स’चा, म्हणजे दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा. रखमाबाईंच्या लेखी कैफियतीत नकाराची कारणे होती : पतीची पोसण्याची ऐपत नाही, तो ज्यांच्या आश्रयाने राहतो त्यांचे वर्तन चांगले नाही, आणि त्याला दमा व क्षयाची इतर लक्षणे आहेत. क्षयाला त्या काळच्या इंग्रजीत ‘कन्झम्प्शन’ म्हणत. लॅटिनमध्ये एकमेकांत मिसळलेल्या दोन क्रियापदांची अपत्ये अशा रीतीने मुंबईच्या एकाच खटल्यात समोरासमोर आली होती. खटल्याच्या कागदांतला हा शब्दयोग कोणी मुद्दाम योजलेला नव्हता, हे सांगायला नकोच.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. रॉबर्ट पिन्हे यांनी निकाल दिला तो एका उपसर्गावर. ‘रेस्टिट्यूशन’मधला ‘रे’ म्हणजे ‘पुन्हा’. जे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांच्यात पुनःस्थापना कशाची करायची? एकत्र राहून मग दुरावलेल्या जोडप्यासाठी हा दावा आहे. इच्छा नसलेल्या तरुण स्त्रीला प्रथमच पुरुषाच्या हवाली करण्यासाठी इंग्लंडातही तो कधी वापरला गेलेला नाही, असे करणे क्रूरपणाचे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. दावा फेटाळला गेला. पिन्हे यांच्या युक्तिवादाचा गाभा कायद्यापेक्षा भाषेत आहे. विवाह हे क्रियापद अपूर्ण काळात आहे, असे ते वस्तुतः म्हणत होते. ज्या क्रियेची पूर्ती व्हायची आहे तेथे अद्याप माघारीला जागा आहे. त्याच वर्षी ‘अ हिंदू लेडी’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे आली होती. त्यांची लेखिका रखमाबाईच होती. ती पत्रे आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचले तर एक फरक डोळ्यांत भरतो. पत्रे मुलीच्या शिक्षणाविषयी, तुटलेल्या वाढीविषयी आणि पुढच्या आयुष्याविषयी बोलतात. निकाल शरीरसंबंध झाला की नाही याविषयी बोलतो. पिन्हे तिच्या बाजूने होते, पण तिच्या भाषेत बोलत नव्हते.

निकालावर गदारोळ झाला. मंडलिकांचे ‘नेटिव्ह ओपिनियन’, टिळकांच्या वर्तुळातला ‘मराठा’ यांनी हिंदू विवाहाच्या पावित्र्यावर घाला पडल्याची तक्रार केली. मार्च १८८६ मध्ये सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांच्यापुढील अपिलात पिन्हे यांचा निर्णय रद्द झाला. हिंदू कायद्याप्रमाणे विधी झाले की विवाह पूर्ण; शरीरसंबंध हा त्या पूर्णतेचा घटक नाही, आणि इंग्रजी कायद्यातही विवाहाच्या वैधतेसाठी तो आवश्यक नाही. मग ‘प्रथम’ आणि ‘पुन्हा’ असा भेद करण्याला आधार उरत नाही. प्रकरण पुन्हा खालच्या पायरीवर आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी आदेश दिला : महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सर्वसामान्य इतिहासकथनात हा खटला ‘पाश्चात्त्य कायदा विरुद्ध हिंदू परंपरा’ अशा सोप्या द्वंद्वात बसवला जातो. ते खरे नाही. ‘विवाह सातव्या पदाला पूर्ण झाला’ हे तत्त्व धर्मशास्त्राचे होते. पण पत्नी न आल्यास तिला न्यायालयामार्फत आणण्याचा आणि नाकारल्यास कैदेत टाकण्याचा उपाय धर्मशास्त्राचा नव्हता. तो इंग्लंडातल्या धर्मसंघीय न्यायालयांतून आला होता, आणि १८८२ च्या दिवाणी कार्यसंहितेच्या २६० व्या कलमाने त्याला येथे दात मिळाले होते. खुद्द इंग्लंडात ही कैदेची शिक्षा १८८४ साली रद्द झाली होती. म्हणजे पूर्ततेची व्याख्या एका परंपरेची घेतली आणि सक्तीचे साधन दुसऱ्या परंपरेचे. धर्मसंघाच्या कायद्यात त्या साधनामागे निदान वधूची संमती तत्त्वतः उभी होती. सप्तपदीच्या तत्त्वाबरोबर तिची गरज उरली नाही. दोन्ही परंपरांतल्या स्त्रीच्या बाजूच्या ज्या काही फटी होत्या, त्या या जोडकामात बुजून गेल्या. रूढिप्रिय पत्रकारांनी आपली परंपरा म्हणून ज्या आदेशाचे स्वागत केले त्याचा अर्धा भाग लंडनने टाकून दिलेला होता, ही गोष्ट त्या वेळी पुरेशी कोणी बोलून दाखवली नाही.

मराठी बोलणाऱ्या माणसाने या दाव्याला काय म्हटले असते? ‘नांदायला आणण्याचा दावा’. कोर्टकचेरीच्या परिसरातल्या मराठीत हा शब्द आजही टिकून आहे. तेथे ‘ती नांदायला येत नाही’ एवढ्यावर सगळे कळते. ‘नांदणे’चा उगम संस्कृत ‘नन्द्’ या धातूत, म्हणजे आनंदित होण्यात. नांदणे ही एका दिवसात किंवा रात्रीत पुरी होणारी क्रिया नव्हे. तिला कालावधी लागतो, घर लागते, इतर माणसे लागतात. लग्न ‘लागते’, मुलगी ‘नांदते’. दोहोंत पूर्तीचा क्षण असा कोठे नाही. कॉन्समेशन, सप्तपदी आणि नांदणे या तिघांत रखमाबाईंच्या तक्रारीला सर्वांत जवळचा शब्द हाच होता. पैसा नाही, प्रकृती नाही, घरातली माणसे धड नाहीत; तेथे नांदायचे कसे, एवढेच ती कैफियत म्हणत होती. परंतु न्यायालयाची भाषा इंग्रजी होती आणि तिच्यात या शब्दाची सोय नव्हती. शिवाय आनंदाच्या धातूपासून झालेल्या क्रियापदाला कैदेच्या धाकाचे प्रयोजक रूप देणे मराठीलाही अवघड गेले असते. अर्थात व्यवहारात ते दिले गेलेच. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी अंमलबजावणीचा आग्रह सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८९४ मध्ये वैद्यकीचे शिक्षण पुरे केले.

खटला मिटला तरी शब्द मिटला नाही. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मेली. संमतिवयाचे विधेयक पुढे आले आणि महाराष्ट्रात वादाची राळ उडाली. त्या वादातली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची इंग्रजी पुस्तिका १८९१ ची. हिंदू धर्मशास्त्रानुसार विवाहाचे आणि त्याच्या ‘कॉन्समेशन’चे वय हा तिचा विषय, आणि तो शब्द तिच्या शीर्षकातच आहे. गृह्यसूत्रांत विवाहानंतरच्या चौथ्या रात्री समागम सांगितला आहे, अर्थी वधू प्रौढच असली पाहिजे, असे त्यांनी दाखवले. विद्वत्तेच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम होता. टिळकांनी शास्त्रार्थाच्या पातळीवर त्याचा प्रतिवाद केला आणि सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. पण दोन्ही पक्षांच्या मराठी लेखनात ‘कॉन्समेशन’च्या जागी गर्भाधान आले, आणि त्याबरोबर प्रश्नच सरकला. शरीरसंबंध कधी व्हावा याऐवजी संस्कार कधी व्हावा, त्याचा काळ चुकल्यास पाप कोणाला, प्रायश्चित्त कोणते, हे वादाचे विषय झाले. भांडारकरांसारखा व्याकरणकार एका परक्या शब्दाला घरचा शब्द मिळवून देतो तेव्हा तो विरोधकाला त्याच्या मैदानावर गाठतो खरा. पण मैदान मात्र विरोधकाचेच राहते. १८९१ च्या कायद्याने वय दहावरून बारा केले. त्याला ‘संमतिवयाचा कायदा’ म्हणतात. संमती हा शब्द सात शतकांनी अशा रीतीने पूर्तीच्या शब्दाशेजारी परत आला. पण तो एका आकड्यापुरता. बारा वर्षांच्या पुढे पत्नीला कोणी विचारावे, असे त्या कायद्याने म्हटलेले नाही.

मराठी साहित्याने या तिढ्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी याच वादाच्या ऐन काळात, १८९० पासून, ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. ती यमूच्या प्रथमपुरुषी निवेदनात आहे. परिणीतेला कर्माच्या विभक्तीतून काढून कर्त्याच्या जागी बसवण्याचा तो निवेदनतंत्रातला निर्णय कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा दूरगामी होता. देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्ये वेगळी वाट धरली. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागत असलेले लग्न सगोत्रतेच्या कारणावरून मध्येच थांबते, आणि विधी पुरा झालेला नाही या शास्त्रार्थाच्या आधारानेच कोदंडाशी तिचा विवाह शक्य होतो. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्थांतली शेवटची अवस्था ‘फलागम’. येथे नाटकाचा फलागम विवाहविधीच्या अपूर्णतेवर उभा आहे. पिन्हे यांनी शरीरसंबंधाच्या अभावात जी फट शोधली होती, ती देवलांनी न पडलेल्या सप्तपदीत शोधली, आणि प्रेक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली. न्यायालयात जे हिंदुधर्मावरचे आक्रमण वाटले, ते रंगभूमीवर धर्मशास्त्राच्याच भाषेत आल्यामुळे कोणाला खुपले नाही. त्याची किंमत एवढीच, की शारदेची सुटका तिच्या नकाराने होत नाही. ती गोत्राने आणि न पडलेल्या पावलांनी होते. नाटकाच्या लोकप्रियतेची चर्चा पुष्कळ झाली आहे, या किमतीची कमी.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हे सर्व थर एकावर एक बसलेले दिसतात. सातव्या कलमात सप्तपदी असलेला विवाह सातव्या पदाला पूर्ण आणि बंधनकारक होतो. नवव्या कलमात दांपत्यहक्कांची पुनःस्थापना आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली ते घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पुन्हा वैध ठरवले. बाराव्या कलमात, नपुंसकत्वामुळे ‘कॉन्समेट’ न झालेला विवाह रद्द होऊ शकतो. इंग्रजी पाठात म्हणून एकच विवाह दोनदा पूर्ण होतो, एकदा सातव्या कलमात आणि एकदा बाराव्यात. हिंदी पाठ तयार करणाऱ्यांना हे खटकले असावे. त्यांनी बाराव्या कलमात ‘विवाहोत्तर संभोग’ असा शब्द योजला. ‘उत्तर’ या एका पदाने विवाह आधीच संपलेला ठरतो आणि पूर्तीचा अर्थ गळून जातो. सार्जंट यांनी पानोपानी जे प्रतिपादन केले ते येथे एका समासात उरकले आहे.

हा कायदा मे १९५५ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. रखमाबाई वारल्या. मधली कितीतरी वर्षे त्यांनी गुजरातेत स्त्रियांच्या रुग्णालयांतून काम केले, पुन्हा विवाह केला नाही. १९०४ साली दादाजी भिकाजी यांचे निधन झाल्याचे कळल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रपर लेखनात आढळते.